फाटकाबाहेरची जीप

‘डोंगरांच्या कुशीत, सागवनाच्या सावलीत, सणावारांच्या सांस्कृतिक वातावरणात आपल्या आईवडिलांची संध्याकाळ सुखात जावो.’

हे वाक्य माझं आहे. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी निवृत्त माणसांसाठी एक वसाहत होती, तिच्या माहितीपत्रकावर ते छापलेलं असायचं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. डोंगर होते, साग होता, फाल्गुनात पळस असा फुलायचा की बाहेरगावचे लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. सणांना तर तोटाच नव्हता. तरीही ते वाक्य वाचून जो माणूस खूश व्हायचा, त्याच्याकडे मी जरा निरखून बघायचो.

नव्वद सालच्या अलीकडे-पलीकडे अशी अकरा वर्षं मी तिथं व्यवस्थापक होतो. मूळचा मी असोद्याचा, आणि त्याआधी जळगावच्या वेशीवर जकात नाक्यावर कारकून. नाक्यावर माणूस बारा वर्षं बसला की त्याचा जगावरचा विश्वास उडतो. कापसाच्या गाठीत तेलाचे डबे निघतात, लग्नाच्या वऱ्हाडात कापडाचे तागे निघतात. माझी बायको म्हणायची, "तुम्ही त देवळात बी मूर्तीच्या मागं कोन हाये ते पाह्यता." खोटं नाही. पण वसाहतीच्या विश्वस्तांना असाच माणूस हवा होता. वीस-बावीस म्हातारी माणसं सांभाळायची म्हणजे आल्यागेल्यावर डोळा ठेवणारा कोणीतरी लागतोच.

बाहेरच्यांना वाटतं, या कामात सेवाभाव लागतो. लागतो, पण तो दुपारच्या जेवणानंतर. आधी लागते ती नजर. मुलगा वडिलांना घेऊन येतो, म्हणतो, "पंधरा दिवस राहून बघू देत, आवडलं तर पुढचं पुढे." मी सामान बघतो. मे महिन्यात ट्रंकेत स्वेटर आणि कानटोपी असेल तर पुढचं घरीच ठरलेलं असतं. एक गृहस्थ पुण्याहून आले. त्यांनी विचारलं, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो, पक्षी कोणकोणते येतात, आदिवासींचे नाच बघायला मिळतील का. संडास कुठे आहे हे एकदाही विचारलं नाही. वडिलांना सोडून गेले ते तीन वर्षांत एकदा आले, तेही कॅमेरा घेऊन. उलट धुळ्याची एक मुलगी आली, ती थेट संडासात शिरली आणि आतून कडी लावली तर बाहेरून उघडता येते का, ते दोनदा करून पाहिलं. डोंगराकडे तिनं ढुंकून बघितलं नाही. तिच्या वडिलांना मी त्याच दिवशी खोली दिली.

निसर्गाचं सांगायचं तर वसाहत बांधणाऱ्यांनी सगळे सिमेंटचे बाक डोंगराकडे तोंड करून बसवले होते. पहिल्याच वर्षी म्हाताऱ्यांनी मला सांगून, पहारी लावून ते उलटे फिरवून घेतले. आता तोंड रस्त्याकडे. साक्रीहून येणारी बस तिथं वळण घेताना दिसते, ती थांबते की नाही हे कळतं. पाहुण्यांना मी सांगायचो की डोंगराकडून वारा येतो, म्हणून बाक फिरवलेत.

सण मात्र खरंच दणक्यात व्हायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चिंचेला झोके बांधायचे आणि सत्तरीच्या बाया पदर खोचून त्यावर बसायच्या. पुरुष पत्ते खेळायचे. त्या एका दिवशी आमच्याकडे पत्त्यांना कोणी नाव ठेवत नाही. मार्गशीर्षात पलीकडच्या पाड्यांवरून डोंगऱ्या देवाच्या उत्सवातली पावरी वाजताना ऐकू यायची, की मग नाना-आबा मंडळी गोधडी पांघरून ओट्यावर बसून ऐकायची. आठवडी बाजाराच्या दिवशी मी चौघापाचांना साक्रीला न्यायचो. तिथे ते चारोळीवालीशी अर्धा तास घासाघीस करायचे आणि न घेताच परत यायचे. त्यांना चारोळी नकोच असायची, त्यांना घासाघीस हवी असायची.

सणांची मला धास्ती वाटायची ती वेगळ्या कारणानं. सणाला घरून बोलावणं येतं. वर्षभर न फिरकलेला पुतण्या आखाजीला हजर होतो, "काका, घरी चला, पुरणपोळी खाऊ." सुकदेवनाना असेच गेले. दोन दिवसांनी परत आले ते खुशीत होते. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि माझी नजर डाव्या अंगठ्यावर गेली. जांभळी शाई. धुऊनही नखाच्या कडेला राहिली होती. "पीकपान्याना कागद शे, म्हने पुतन्या," नाना म्हणाले. पीकपाण्याचा कसला, जमिनीचा होता. नानांना ते कळलं तेव्हा पावसाळा लागला होता. त्यानंतर नाना एकटेच ओट्यावर डोंगराकडे तोंड करून बसायचे.

त्या दिवसापासून मी नियम केले. गाडी फाटकाबाहेर उभी राहील. गाडीत जो कोणी असेल त्यानं आत येऊन वहीत नाव लिहायचं. ज्याला न्यायचं त्याच्याशी बोलणं माझ्यासमोर व्हायचं. एक नियम तर मी नाक्यावरूनच आणला होता. "साहेब, जरा बाजूला या ना," असं कोणी म्हटलं की जागचं हलायचं नाही. नाक्यावर या वाक्याचा अर्थ एकच असतो. बारा वर्षांत मी एकदाही बाजूला गेलो नाही, याचा मला अभिमान होता. अजूनही थोडा आहे, तेच वाईट आहे.

आता अनुसयाअक्कांची गोष्ट. याच गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो आणि दोन पानं इकडंतिकडं केलं.

अक्का शिंदखेड्याकडच्या. यजमान प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. निवृत्तीनंतर दोघं वसाहतीत आले. दुसऱ्या वर्षी दिवाळीला गावी गेले असताना गुरुजी तिथंच वारले, आणि सगळं आवरून अक्का एकट्या परत आल्या. "आठली हवा माले मानवस," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, हवा नाही, सून. पण ते विचारायचं नसतं. नवरा हेडमास्तर असून अक्कांना अक्षर येत नव्हतं. "त्यासनी बठ्ठा गावले शिकाडं, मी स्वयंपाकमा व्हतू," असं त्या हसून सांगायच्या. गावची जमीन गुरुजींनी त्यांच्या नावावर केलेली होती. म्हणजे माझ्या दृष्टीनं अक्का म्हणजे पुन्हा एक डावा अंगठाच.

मुलगे दोन. थोरला भास्कर सुरतेला कापडाच्या कारखान्यात. त्याची वर्षातून दोन-तीन पत्रं यायची, ती मी वाचून दाखवायचो. त्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं. दोन वर्षांत इकडे फिरकला नाही, म्हणून तोही माझ्या संशयाच्या यादीत होता. धाकटा प्रकाश गावी शेती बघायचा आणि दोन-तीन महिन्यांनी मोटारसायकलवर येऊन भुईमुगाच्या शेंगा देऊन जायचा.

आषाढातली दुपार होती. प्रकाश आला, पण मोटारसायकलवर नाही. फाटकाबाहेर एक जीप उभी राहिली. तो एकटाच आत आला. अक्का ओट्यावर वाती वळत होत्या; त्यांना जवळचं दिसायचं, लांबचं नाही. मी तिथेच होतो.

"आईले घ्यायला उनू," तो मला म्हणाला. "कानबाईले न्यायची शे."

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघरी बसते. त्याला अजून महिना होता.

"इतक्या आधी?" मी विचारलं.

"हां. थोडं आधीच न्यावं म्हटलं."

त्यानं माझ्याकडं न बघता हे सांगितलं. मी फाटकाकडं पाहिलं. जीपमध्ये ड्रायव्हरच्या मागं एक माणूस बसला होता. उकाडा असून गळ्याला मफलर. मांडीवर मोठं तपकिरी पाकीट, दोन्ही हातांनी धरलेलं. असली पाकिटं मी पाहिलेली होती. त्यात स्टॅम्पपेपर न दुमडता राहतो.

"गाडीत कोण आहे?"

प्रकाशनं आईकडं पाहिलं. "पाव्हना शे एक."

"मग आत बोलवा. वहीत नाव लिहू, चहा घेऊ."

"नही, तो उतरनार नही."

"का?"

त्याच्या कपाळावर घाम आला. तो माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, जरा बाजूला या ना. दोन मिनिटं."

झालं. माझी खात्रीच पटली. "जे काय असेल ते अक्कांसमोर बोला," मी मोठ्यानं म्हणालो.

त्यानं फाटकाकडं पाहिलं. मग, कोणाबरोबर बाजूला न जाणारा मी, अक्कांना बाजूला घेऊन गेलो. खोलीत नेऊन सांगितलं, "अक्का, गाडीत कागद घेऊन बसलेला माणूस आहे. नाव सांगत नाहीत, उतरवत नाहीत. मला काही हे ठीक दिसत नाही." सुकदेवनानांचं त्यांना माहीत होतं. त्या बाहेर आल्या आणि मुलाकडे बघत उभ्या राहिल्या.

"परकास, कोन शे रे गाडीमा?"

"कोनी नही, माय. तू चाल ना."

"मंग मी कानबाईलेच येसू," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा वाती वळायला बसल्या.

प्रकाश एकटाच फाटकाबाहेर गेला. जीप वळली आणि निघून गेली. संध्याकाळी स्वयंपाकघरात चहा घेताना मी आचाऱ्याला सगळी हकिकत रंगवून सांगितली. एक अंगठा वाचवला, असंही म्हणालो.

चार दिवसांनी बसच्या कंडक्टरनं एक चिठ्ठी आणून दिली. ‘आईला लगेच पाठवा. भेटल्यावर सांगतो. प्रकाश.’ मी ती वाचली आणि फाईलला लावली. उद्या कोर्टकचेरी झाली तर पुरावा. अक्कांना वाचून दाखवली नाही. तेव्हा स्वतःला सांगितलं, तिच्यात सांगण्यासारखं आहे तरी काय. खरं कारण असं, की ती ऐकून अक्का निघाल्या असत्या.

श्रावण आला. कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अक्का सकाळपासून गाठोडं बांधून ओट्यावर बसल्या होत्या. दुपार झाली तरी कोणी आलं नाही. मी मनातून खूशच होतो. म्हटलं, डाव फसला, आता कशाला येतो तो.

अक्कांनी गाठोडं सोडलं. "घरना नही उनात ते नही. रोट मी आठेच करसू. देवीले मी सांगी दिसू," असं म्हणून त्यांनी गहू आणि सूप मागून घेतलं.

रोटांचं इथं सांगायला हवं. कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांना रोट म्हणतात, आणि ते भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी. अक्कांच्या घरी गहू मापानं घेत नसत. घरात जेवढे पुरुष, तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत, तेवढ्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. थोरल्यापासून सुरुवात. त्यात खोटेपणा चालत नाही. घरातलं एक नाव राहिलं तरी वाईट, आणि नसलेल्याचं घेतलं तर त्याहून वाईट.

त्या सूप मांडून बसल्या आणि प्रकाश आला. बसमधून उतरून चालत. डोक्यावर पांढरी टोपी. या माणसाला मी टोपीत कधी पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, आज गरीब दिसायला टोपी घातलीय. मी खुर्ची घेऊन जवळच बसलो. इतर चार बायाही होत्या.

"चांगला टाईमले उनास," अक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम फुलला. "आते मुठी तू टाक. घरना मानूस शे तू."

"माय, यंदा रोट ऱ्हाऊ दे."

"काबर?"

तो चपला काढून ओट्यावर आला आणि आईसमोर बसला. अक्कांनी त्याचा हात धरून गव्हात घातला.

"हं. पहिली भास्करनी."

त्यानं मूठ भरली. हात वर आला, सुपावर गेला आणि तिथंच राहिला. आम्ही सगळे बघत होतो.

"टाक ना."

त्यानं मूठ उलटी नेऊन गहू परत पोत्यात सोडले. "त्यानी मूठ टाकता येत नही, माय," तो म्हणाला आणि त्यानं टोपी काढली. डोकं भादरलेलं होतं. केस नुकते टोचण्याइतके वर आलेले.

अक्का त्या डोक्याकडं बघत राहिल्या. मग इतकंच विचारलं, "कव्हय?"

"सतरा दिन झायात."

माझ्या मनानं तिथल्या तिथं दिवस मोजले. जीप येऊन पंचवीस दिवस झाले होते. म्हणजे त्यानंतर आठ दिवस भास्कर जिवंत होता. आणि चिठ्ठी आली तेव्हा त्यातले चार उरले होते.

नंतर प्रकाश ऑफिसात येऊन बसला. आवाज अजिबात न चढवता त्यानं सांगितलं. भास्कर सुरतेला महिनोन्‌महिने आजारी होता, आईला कळू दिलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा प्रकाश त्याला घेऊन आला. घरी जायच्या आधी आईला घ्यायचं, असा भास्करचा हट्ट. "परका लोकसमोर तिले सांगू नको," त्यानं शपथ घातली होती. "माय मनाजोडे गाडीमा बसी, मंग मीच सांगसू."

"म्हणजे जीपमध्ये..."

"तोच व्हता, भाऊसाहेब. त्याले उतरता येत नव्हतं. मांडीवर एक्स-रे व्हतात." त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "तेच सांगाले मी तुम्हाले बाजूला बलावत व्हतो."

फाटकापासून अक्कांचा ओटा मोजून तीस पावलं आहे. मी नंतर मोजला.

भास्करला सोडून प्रकाशला पुन्हा येता आलं नव्हतं, म्हणून ती चिठ्ठी; आणि ही बातमी चिठ्ठीनं कळवायची नाही म्हणून दिवसकार्य उरकून तो स्वतः आला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुमनी चूक नही. मीच बोली टाकाले पाहिजे व्हतं." हे मी आजतागायत मान्य केलेलं नाही. सुकदेवनानांच्या वेळी माझा संशय कमी पडला आणि अक्कांच्या वेळी जास्त झाला, असं म्हणून माझे मित्र मला समजावतात. पण चिठ्ठीचं काय? ती तर संशयातही बसत नाही. एका आईला आलेलं बोलावणं मी स्वतःच्या हातानं फाईलला लावलं. पुढं मी वसाहतीत होतो तोवर फाटकाचे बाकी नियम तसेच ठेवले, पण कोणी "जरा बाजूला या" म्हटलं की पहिल्यांदा उठायचो. त्यातही तिघांनी मला लाच देऊ केली. देऊ देत.

अक्का प्रकाशबरोबर गावी गेल्या आणि महिन्यानं परत आल्या. मला वाटलं होतं, त्या आता येणारच नाहीत. खरं सांगायचं तर, येऊ नयेत असं वाटत होतं. दुसऱ्याच दिवशी मी ती चिठ्ठी घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. वाचून दाखवली. कधी आली होती तेही सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, अक्षर येत नसताना बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि उशीखाली ठेवला. मी उभाच होतो. जा म्हणतील, कधी तोंड दाखवू नका म्हणतील, अशी वाट बघत.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्हीन तर त्याले दखं ना?"

"हो."

"माले नही दिसना. कसा दिसे तो?"

मी खाली बसलो. आणि मग माझ्या लक्षात आलं की मला सगळं आठवत होतं. नाक्यावरचा माणूस ज्याच्यावर संशय घेतो त्याला नीट पाहून ठेवतो. मी सांगितलं. मफलर कथ्थई होता, गळ्याभोवती दोन वेढे. शर्ट पांढरा, इस्त्रीचा, बाह्यांना बटणं लावलेली. गालफडं बसली होती, पण दाढी ताजी केलेली होती. केस पाणी लावून मागं बसवलेले. पाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि उजव्या हातात तांब्याची अंगठी होती.

"अंगठी त्याना बापनी," अक्का म्हणाल्या. "दाढी करी व्हती का? मनाकडे येवानी म्हनीसन."

"त्यासाठीच केली असेल."

"आठे दखे का तो?"

"सारखा. मान वळवून ओट्याकडंच बघत होता." त्या दिवशी माझ्या संशयाचं हेही एक कारण होतं.

पुढची कितीतरी वर्षं, महिन्या-दोन महिन्यांनी, अक्का मला बोलवायच्या आणि पुन्हा विचारायच्या. मी पुन्हा सगळं सांगायचो, मफलरापासून. त्यात मी एकही गोष्ट वाढवली नाही. फक्त एका ठिकाणी अडखळलो, ते इथं लिहितो. जीप वळत असताना त्या माणसानं उजवा हात उचलून कपाळापाशी नेला होता. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अक्कांनी डोळे मिटून घेतले.

"मंग त्यानी माले रामराम करा," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

त्या दिवशी वहीत मी लिहिलं होतं, ‘गाडीतील इसमाने जाताना तोंड लपवले.’